जडावकामाची स्वीडिश हातखुर्ची: 'कुणी बनवली' म्हणायचं?

पैठणीकाठ

इथे लाकूडकामातली जाणकार मंडळी आहेत म्हणून हा धागा काढतेय. मी स्टॉकहोमला असते. शहराच्या उत्तरेला सोल्नामध्ये उल्रिक्सदाल नावाचा राजवाडा आहे, तिथली एक बैठकीची खोली बघून आल्यापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. १९२३ मध्ये स्वीडनच्या युवराजाचं, म्हणजे पुढे राजा झालेल्या सहाव्या गुस्ताफ आडोल्फचं, लुईस माउंटबॅटनशी लग्न झालं. होय, आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयची सख्खी बहीण. त्या लग्नात स्टॉकहोमच्या नागरिकांनी अख्ख्या बैठकीच्या खोलीचं फर्निचर आहेर म्हणून दिलं आणि ते सगळं कार्ल माल्मस्टेन या स्वीडिश फर्निचर डिझाइनरने डिझाइन केलेलं. खोली अजून जपून ठेवलीय.

तर त्यानंतर इथल्या एका जुन्या सामानाच्या बाजारात मला एक हातखुर्ची मिळाली. फोटो टाकलेत. बर्चचं लाकूड, पाठीच्या मधल्या पट्टीत जडावकाम, म्हणजे लाकडाचे पातळ तुकडे बसवून केलेली नक्षी: एक फांदी, तिला पानं, खाली वेगळ्या लाकडाची बारीक किनार. पानाची एक कड गडद आणि दुसरी फिकट, त्यामुळे पान अगदी वळलेलं वाटतं. हात फिरवला तर बोटाला सांधा लागत नाही. विकणारा म्हणाला "माल्मस्टेन असेल". खालून नंबर ठोकलाय आणि पेन्सिलीने दोन अक्षरं लिहिलीत, बस.

आता प्रश्न. एक, ही कधीची आणि कुणाची हे कसं ओळखायचं. दोन, हा मला जास्त छळतोय. समजा ती माल्मस्टेनची निघाली, तरी त्याने कागदावर चित्र काढलं. ते पान कापलं कुणी? खुर्चीच्या खाली पेन्सिलीने सही करणारा माणूस कोण? मला वाटतं 'बनवणारा' हा मान त्याचा आहे आणि तो त्याला आपण देत नाही. तुमचं मत सांगा.

टवाळखोर

पहिला! खुर्ची मिळाली हे महत्त्वाचं, आपल्याकडे लोक त्यासाठी पक्ष बदलतात. :)

शिल्पा०७

सुंदर आहे गं! ते पान झूम करून बघितलं. रंगवलेलं नाहीये ना नक्की?

पैठणीकाठ

@शिल्पा०७ नाही गं, लाकूडच आहे सगळं. पण ती सावली कशी आणली ते मलाही कळत नाहीये. @सुतारपक्षी काका, कुठे आहात?

गोदाकाठ

पैठणीताई, दुसऱ्या प्रश्नाबद्दल वेगळं मत मांडतो, राग नसावा. घर आर्किटेक्टच्या नावाने ओळखलं जातं, गवंड्याच्या नाही. त्यात गवंड्याचा अपमान नाही, त्याला मजुरी मिळालेली असते. कल्पना ज्याची, नाव त्याचं. ती फांदी कुठे वळवायची, पट्टी किती रुंद ठेवायची, बसल्यावर पाठ कुठे टेकणार हे माल्मस्टेनने ठरवलं. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कारागिराने तेच चित्र कापलं असतं तर खुर्ची तीच झाली असती.

सुतारपक्षी

आलो आलो. दिवसभर वर्कशॉपमध्ये होतो.

शिल्पा, ती सावली रंगाची नाही, भाजण्याची आहे. लोखंडी तव्यावर बारीक वाळू तापवतात. पानाचा कापलेला तुकडा चिमट्यात धरून फक्त त्याची कड त्या वाळूत खुपसतात, काही सेकंद. वाळू खाली जास्त तापलेली आणि वर कमी, म्हणून खोल गेलेली कड गडद होते आणि वर येत येत रंग विरतो. एक सेकंद जास्त झाला तर कोळसा. शिवाय भाजल्यावर तुकडा आकसतो, म्हणजे तो शेजारच्या तुकड्यात बसायला हवा तर आधीच अंदाज धरून कापायला हवा, किंवा पाणी मारून परत फुगवायला हवा. हे मी स्वतः करतो म्हणून सांगतो, वाळू किती तापली हे हाताला कळतं, कुठल्या नकाशात लिहून देता येत नाही. म्हणून @गोदाकाठ यांचं 'दुसऱ्या कुणीही कापलं असतं तरी तीच खुर्ची' हे मला अजिबात पटत नाही. दोन माणसांनी भाजलेलं पान सारखं होत नाही हो.

आता ओळखायचं कसं. फोटोवरून छातीठोक सांगणार नाही, पण ताई, तुम्ही हे बघा:

आधी पापुद्र्याची, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडाची (व्हीनिअरची) जाडी. कुठेतरी कोपरा निघालेला असतोच, तिथून बघायचं. अठराव्या शतकातलं व्हीनिअर हाताने करवतीने काढलेलं, दीड-दोन मिलिमीटर सहज असतं, आणि जाडी कमीजास्त. मशीनच्या सुरीने सोललेलं असेल तर मिलिमीटरच्याही आत आणि सगळीकडे एकसारखं. मग स्क्रू. एखादा अलगद काढता आला तर टोक बघा. १८५० च्या आधीचे स्क्रू बोथट टोकाचे असतात, डोक्यावरची खाच मधोमध नसते, आटे हाताने कानसलेले दिसतात. टोकदार आणि एकसारखे असतील तर नंतरचे. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर १९३० च्या नंतरचा, पण तो कुणीतरी दुरुस्तीत घातलेलाही असू शकतो, लगेच निराश होऊ नका.

आणि पट्टीची मागची बाजू बघा. उजेड न लागलेल्या ठिकाणी लाकडाचा मूळ रंग राहतो. पुढून सगळं मधासारखं तपकिरी दिसत असेल आणि मागे किंवा आतल्या खाचेत हिरवट, निळसर छटा सापडली तर ते रंगवलेलं लाकूड. जुने स्वीडिश कारागीर मेपलला लोहाच्या क्षारात भिजवून चांदीसारखा करडा रंग आणत. आज ते सगळं उडून पिवळं-तपकिरी झालंय आणि लोकांना वाटतं हीच 'जुन्याची शान'. मूळ वस्तू चांगल्या रंगीबेरंगी होत्या!

अदिती_लुंड

वाह काका. वाचनखूण साठवली.

पैठणीकाठ, मी लुंडला असते आणि फर्निचर हा माझा विषय नाही, पण इथल्या संग्रहालयांत भरपूर भटकलेय म्हणून थोडी भर. स्वीडनमध्ये जडावकाम म्हटलं की लोक माल्मस्टेनच्या आधी गेओर्ग हाउप्टचं नाव घेतात. जन्म १७४१ स्टॉकहोमचा, उमेदवारीत अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, लंडन अशी फिरस्ती केली, १७६९ मध्ये राजाचा फर्निचरकार म्हणून नेमणूक झाली आणि १७८४ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. म्हणजे मायदेशी कामाला जेमतेम पंधरा वर्षं मिळाली आणि तेवढ्यात त्याने जे केलं त्याच्या नकला अजून होतात. फ्रान्समध्ये शांतीयीला त्याने केलेलं खनिजांचं कपाट आहे, स्वीडनचा राजा तिसऱ्या गुस्ताफने १७७४ मध्ये प्रिन्स द काँदेला भेट पाठवलेलं.

पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी सगळ्यात भारी गोष्ट ही. लंडनला असताना, १७६९ मध्येच, हाउप्टने एक टेबल केलं आणि त्यावर स्वतः लिहून ठेवलं की याची रचना आणि रेखाटन चेंबर्सचं आणि बनवलंय मी, गेओर्ग हाउप्टने. दोन्ही नावं, दोन्ही कामं वेगवेगळी सांगून! अडीचशे वर्षांपूर्वी एका तिशीच्या आतल्या परदेशी कारागिराने तुझ्या प्रश्नाचं उत्तर लाकडावर लिहून ठेवलंय.

पैठणीकाठ

@अदिती_लुंड अगं काय सांगतेस! अंगावर काटा आला. हेच, अगदी हेच मला म्हणायचं होतं.

@सुतारपक्षी काका, खूप खूप आभार. वीकएंडला खुर्ची उलटी करून सगळं बघते आणि लिहिते.

जुनाबाजार

चेंबर्स म्हणजे विल्यम चेंबर्स ना? तो लंडनचा मोठा आर्किटेक्ट, पण जन्म स्वीडनच्या गोथेनबर्गचा, १७२३. आणि तरुणपणी स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी! बंगालला येऊन गेलाय, मग चीनला दोनदा. तिथे बघितलेल्या इमारती, फर्निचर यांच्यावर नंतर त्याने लिहिलं.

स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी हे प्रकरण आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. १७३१ ते १८१३ चालली. मुख्य धंदा कँटनच्या चहाचा, पण जहाजं सुरतेलाही यायची. १७५० मध्ये निघालेल्या 'योता लेयॉन' जहाजावरचा धर्मगुरू ओलोफ तोरेन याने सुरतेची पत्रं लिहिलीत. म्हणजे इकडे बाळाजी बाजीराव पेशवे असताना स्वीडिश माणूस सुरतेच्या बाजारात हिंडत होता.

टवाळखोर

आणि आता मराठी माणूस स्वीडनच्या बाजारात खुर्च्या घेत हिंडतोय. फिट्टंफाट.

गोदाकाठ

हाउप्टचं उदाहरण छान आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणेन. हाउप्ट हा मालक-कारागीर होता. त्याच्या कारखान्यात हाताखाली उमेदवार, पोरं असणारच. त्यांची नावं त्या टेबलावर नाहीत. राणी लोविसा उल्रिकाचं जे प्रसिद्ध लिहिण्याचं टेबल आहे त्याचं डिझाइन यान एरिक रेन याचं. तिथेही नाव रेन आणि हाउप्ट, बाकी सगळे 'कारखाना'. रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

सुतारपक्षी

@गोदाकाठ हा मुद्दा बरोबर आहे तुमचा. त्या काळी गिल्डचा, म्हणजे कारागिरांच्या संघाचा कायदा होता. मास्टर झाल्याशिवाय स्वतःच्या नावाने माल विकता यायचा नाही. हाताखालच्या माणसाचं काम मास्टरच्या नावावर जायचं. मास्टर वारला तर त्याच्या विधवेला कारखाना चालवता येई, म्हणजे तेव्हा प्रत्यक्ष काम करणारा तिसराच कुणी आणि नाव चौथ्याचं.

पण अजून एक गंमत आहे, ताईंच्या खुर्चीसाठी महत्त्वाची. स्टॉकहोममध्ये कपाटं-टेबलं करणाऱ्यांचा गिल्ड वेगळा आणि खुर्च्या करणाऱ्यांचा वेगळा. हाउप्ट पहिल्यातला. त्यामुळे कुणी 'हाउप्टची हातखुर्ची' म्हणून विकायला आला तर जरा जपून, खुर्च्या हा त्याचा प्रांत नव्हे. खुर्ची करणारे मास्टर आपापले शिक्के मारत. एफ्राइम स्टोल हा त्यातला फार नावाजलेला, १७९४ ते १८२० च्या दरम्यानचा, चौकटीच्या आतल्या बाजूला ठोकलेली अक्षरं सापडतात. खुर्चीत मुळात जडावकाम कमीच असतं याचं कारणही साधं आहे. कपाटाचं दार सपाट आणि ते भिंतीशी गप उभं राहतं. खुर्ची माणसाचं वजन खाते, सरकवली जाते, हलते, आणि पाठ तर दोन्ही बाजूंनी वळलेली. वळलेल्या लाकडावर पापुद्रा चिकटवायचा तर सपाट फळी दाबून चालत नाही, गरम वाळूच्या पिशव्या ठेवून दाब द्यावा लागतो. ज्याने हे पान खुर्चीच्या पाठीत बसवलं त्याला काम येत होतं.

१८४६ मध्ये स्वीडनने गिल्ड बंद केले. त्यानंतर कारखाने, मशीनं, आणि १९०० नंतर हाउप्टच्या धर्तीवर नव्याने केलेलं पुष्कळ फर्निचर. त्यातलं काही फार चांगलं आहे, फक्त ते अठराव्या शतकातलं नाही.

सावंतवाडकर

मस्त चाललाय धागा. गोव्याचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांसाठी जी जडावाची कपाटं व्हायची, सागावर शिसवी आणि हस्तिदंत, वर्तुळात वर्तुळ गुंफलेली, ती आज लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत आहेत. खाली पाटी काय? 'गोवा, सतरावं शतक'. नाव कुणाचंच नाही, ना चित्र काढणाऱ्याचं ना कापणाऱ्याचं. सुरत-मुंबईचं सादेलीचं काम बघा, हस्तिदंत, शिंग, कथील, लाकूड यांच्या काड्या एकत्र सरसाने चिकटवायच्या आणि आडवे काप काढून नक्षी बसवायची. डबीच्या झाकणावर दाण्यापेक्षा बारीक चौकोन असतात. तिथेही तेच, 'मुंबई पेटी'.

म्हणून पैठणीताईंना माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि @गोदाकाठ, मजुरी मिळाली म्हणजे झालं हे मला लागलं जरा. आमच्या घराण्यात लाकडी खेळणी रंगवणारे होते.

गोदाकाठ

@सावंतवाडकर दादा, मनाला लावून घेऊ नका, कारागिराला कमी लेखायचा हेतू नव्हताच. मी एवढंच म्हणतोय की कल्पनेचंही श्रेय खरं असतं. माल्मस्टेनला नाव मिळालं ते फुकट नाही मिळालं.

अदिती_लुंड

माल्मस्टेनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो या भांडणात नेमका मध्ये उभा आहे.

जन्म १८८८. तो नुसता कागदावरचा डिझाइनर नव्हता. पेर यॉन्सन नावाच्या स्टॉकहोमच्या फर्निचर कारागिराकडे हाताने काम शिकला, मग कार्ल बेर्गस्टेन या आर्किटेक्टकडे. १९१६ मध्ये स्टॉकहोमच्या सिटी हॉलच्या फर्निचरची स्पर्धा होती, तिच्यात पहिलं आणि दुसरं अशी दोन्ही बक्षिसं यानेच मारली, तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. सिटी हॉल १९२३ मध्ये उघडला, रॅगनार ऑस्टबेरीची इमारत, नोबेलची मेजवानी होते तीच. मग १९२६ मध्ये कॉन्सर्ट हॉल, तिथलं फर्निचरही याच्याकडे. नोबेलचं पारितोषिक वितरण तिथे होतं.

१९३० मध्ये स्टॉकहोमला मोठं प्रदर्शन भरलं, गुन्नार आस्प्लुंड वगैरे आर्किटेक्ट मंडळी, स्टील, काच, सपाट भिंती, 'नवा काळ स्वीकारा'. माल्मस्टेन उघड विरोधात गेला. त्याचं म्हणणं साधारण असं की माणसाला हाताने केलेल्या उबदार वस्तू लागतात. आणि त्याच वर्षी त्याने कारागिरांसाठी कार्यशाळा-शाळा काढली. पुढे ओलंड बेटावर विकलबीला कापेलागोर्डेन ही दुसरी. पहिली शाळा आता लिनशोपिंग विद्यापीठाचा भाग आहे, लीडिंग्योला भरते, आणि तिथे फर्निचर बनवणं, जुन्याचं जतन, गादीकाम हे सगळं शिकवतात. शिकून झाल्यावर विद्यार्थी स्वतःच्या हाताने एक वस्तू करून परीक्षेला ठेवतो, ती पास झाली की कारागिराचं प्रमाणपत्र. गिल्ड जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली तरी ही पद्धत टिकलीय.

म्हणजे ज्याच्या नावावर सगळं श्रेय गेलं असं आपण म्हणतोय, त्यानेच आयुष्यातला मोठा भाग कापणाऱ्या हातांना शिकवण्यात घातला. मला तो त्यामुळे जास्त आवडतो.

गणपुले_सरळमार्गी

उशिरा आलो. सगळं वाचलं, पण एक विचारू का? हे राजाच्या लग्नातलं, सिटी हॉलमधलं फर्निचर. सामान्य माणसाला काय मिळालं? १९३० च्या प्रदर्शनवाल्यांचं म्हणणं मला पटतं, कामगाराच्या दोन खोल्यांत स्वस्त, हलकी, पुसायला सोपी खुर्ची पाहिजे. पानाची कड भाजत बसलं तर ती खुर्ची फक्त श्रीमंताच्याच घरी जाणार. पुढे त्याच देशातून सुटं फर्निचर सगळ्या जगात गेलं ते उगाच नाही.

पैठणीकाठ

@गणपुले_सरळमार्गी मुद्दा मान्य आहे, माझं जेवणाचं टेबलही पॅकिंगमधून काढून पान्याने जोडलेलंच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही खुर्ची मला जुन्या बाजारात तशा नव्या खुर्चीपेक्षा फार महाग पडली नाही, हेही खरं. इथे तरुण लोकांना हे 'आजीचं फर्निचर' वाटतं, नको असतं. ज्या कामाला माणसाचे कित्येक दिवस गेले ते कवडीमोलाने जातंय, मला त्याचं वाईट वाटतं. आणि माल्मस्टेनने नंतर छोट्या छोट्या कारखान्यांकडून साध्या घरांसाठीही फर्निचर करून घेतलं, सगळंच राजवाड्यासाठी नव्हतं.

बापू_पंढरपूर

सुतारपक्षी साहेब, विषयांतर करतो माफी असावी. आमच्या आजीची शिसवी पेटी होती, झाकणावर हस्तिदंताची वेल. पॉलिशवाल्याला दिली, त्याने मशीनने घासली. वेलीची दोन पानं घासून पार गेली आणि एका जागी खालचं लाकूड वर आलं. आई महिनाभर बोलली नाही कुणाशी. आता काही करता येईल का? एक-दोन तुकडे सुटलेत ते डबीत ठेवलेत.

सुतारपक्षी

बापू, विषयांतर कसलं, हाच विषय आहे. वाचून फार वाईट वाटलं. गेलेली पानं परत येणार नाहीत, पण सुटलेले तुकडे ठेवलेत ही फार मोठी गोष्ट केलीत. कृपया फेव्हिकॉल लावू नका. वाईट म्हणून नव्हे, तो निघत नाही म्हणून. जुनं काम सरसाचं असतं, जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस. तो ओलाव्याने आणि उबेने सुटतो, म्हणजे उद्या कुणाला पुन्हा दुरुस्त करायचं झालं तर इजा न करता उघडता येतं. खाचेत एकदा पांढरा गोंद गेला की नंतर सरस धरत नाही.

आणि सगळ्यांनाच सांगतो, पापुद्र्याच्या कामाला घासायचं मशीन लावू देऊ नका. मशीनने सोललेला तर अर्धा मिलिमीटर असतो, दोन फेऱ्यांत संपतो. कोरड्या मऊ फडक्याने धूळ, फार तर चांगलं मेण. चकाकी गेली असेल तर चपडा लाखेचं पॉलिश हाताने. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या कितीतरी फर्निचरवर जी चकाकी आहे ती आपल्याकडून गेलेल्या लाखेची, हे जाता जाता.

शिल्पा०७

काका, मग पैठणीने ही खुर्ची पुण्याला आणली तर टिकेल का? की तिकडच्या थंडीतलं लाकूड इकडे येऊन फुटेल?

सुतारपक्षी

तिकडच्या थंडीत लाकूड खूश असतं हा गैरसमज आहे. हिवाळ्यात घरात हीटिंग चालू, हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं, सांधे खिळखिळे होतात, पापुद्र्यात फट पडते. आपल्याकडे उलट, जुलैमध्ये फुगतं, सरस नरम पडतो, बुरशी आणि वाळवी. लाकडाला सोसत नाही तो झटका. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर दोन्हीकडे टिकेल. खिडकीच्या उन्हात नको, हीटरजवळ नको, एसीच्या झोतात नको.

अजून एक. आणायची असेल तर आधी लाकूड कुठलं ते बघा. बर्च, अल्डर, पेअर, मेपल असेल तर अडचण नाही. पण किनारीत ब्राझीलचं रोजवूड असेल तर ते १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. २०१७ पासून आपल्या शिसवीसकट त्या कुळातली बाकीची लाकडंही दुसऱ्या परिशिष्टात आली. स्वीडनमध्ये रोजवूडला जाकारांडा म्हणतात, त्यामुळे पावतीवर ते नाव दिसलं तर सावध.

पैठणीकाठ

वीकएंडला खुर्ची उलटी केली! नवऱ्याने टॉर्च धरला, लेकीने फोटो काढले.

पापुद्रा पातळ आणि एकसारखा आहे, मिलिमीटरपेक्षा कमी. स्क्रू टोकदार, सरळ खाचेचे. म्हणजे अठरावं शतक नाही, विसाव्याचा पहिला अर्धा भाग असावा असं मी समजतेय, काका बरोबर? पट्टीच्या मागे उजेड न लागलेल्या कडेला पानाचा रंग चक्क हिरवा आहे. हिरवा! पुढून अजिबात कळत नाही. मी तो फोटो खाली दिलाय, नक्की बघा. बैठकीचं कापड एका कोपऱ्यात सुटलंय, तिथून आत घोड्याचे केस आणि तागासारखं काहीतरी दिसतं. पितळी पट्टी नाही, शिक्का नाही, नुसता नंबर. आणि ती पेन्सिलीची दोन अक्षरं, पुढे छोटीशी आडवी रेघ.

जुनाबाजार

हिरवा रंग बघून थक्क झालो. ताई, पितळी पट्टी नाही म्हणजे नॉर्डिस्का कोम्पानिएट या स्टॉकहोमच्या मोठ्या दुकानाच्या कारखान्यातली असण्याची शक्यता कमी. त्यांचं फर्निचर न्यूशोपिंगला व्हायचं आणि बहुतेक वस्तूंवर छोटी धातूची पट्टी आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो. म्योल्बी गावात तीस-चाळीसच्या दशकात जडावकामाचं फर्निचर पुष्कळ व्हायचं, तीही दिशा बघा. स्टॉकहोमच्या नॉर्डिस्का म्युझियमला फोटो पाठवून विचारा. लिलावघरंही फोटोवरून अंदाज सांगतात. १६७४ पासून चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं लिलावघर तुमच्याच गावात आहे!

सुतारपक्षी

बरोबर ताई. १९२० ते १९४५ यांच्या मधली असं मी म्हणेन, त्याहून नेमकं सांगणं फोटोवरून बरं नाही. माल्मस्टेनच्या नावाला काहीच आधार सापडलेला नाही, तेव्हा ते नाव लावू नका. त्याने खुर्ची कमी ठरत नाही. तो हिरवा रंग आणि ती भाजलेली कड ज्याने केली तो माणूस पक्का होता.

ती आडवी रेघ मात्र मला ओळखीची वाटते. आमच्याकडेही सुतार सुटे भाग जोडायच्या आधी 'हा पुढचा, हा डावा' कळावं म्हणून अशा खुणा करतात. अक्षरं त्याच्या नावाची असतील किंवा भागाची खूण असेल. दुसऱ्या पायाच्या आतून किंवा पट्टीच्या खालच्या टोकाला तीच अक्षरं आहेत का बघा. सगळीकडे तीच असतील तर माणसाची, प्रत्येक भागावर वेगळी असतील तर जोडणीची.

पैठणीकाठ

बघितलं. दोन्ही बाजूंच्या चौकटींवर आडव्या रेघा वेगवेगळ्या आहेत, एकीकडे एक, एकीकडे दोन. पण अक्षरं दोन ठिकाणी आहेत आणि दोन्हीकडे तीच, त्याच वळणाची. म्हणजे रेघा जोडणीच्या आणि अक्षरं माणसाची. मला फार आनंद झालाय, शब्दात सांगता येत नाही. म्युझियमला मेल टाकलाय. उत्तर येईपर्यंत मी एक चिठ्ठी करून खुर्चीला लावणार आहे: डिझाइन कुणाचं माहीत नाही, जडावकाम आणि जोडणी या अक्षरांच्या कारागिराची.

गोदाकाठ

ताई, या खुर्चीपुरता मी हरलो म्हणा हवं तर, डिझाइनवाल्याचं नावच नाही आणि कारागिराचं आहे. बाकी माझं मत कायम. :) मेलला उत्तर आलं की इथे टाका नक्की.

सावंतवाडकर

या धाग्यामुळे घरी फोन केला. माजघरातला मोठा पाट आणि देव्हारा कुणी केला ते विचारलं. आत्याला सुताराचं नाव, गाव दोन्ही माहीत होतं, आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. लिहून घेतलं.

बापू_पंढरपूर

सुतारपक्षी साहेब, पेटी तुमच्याकडे पुण्याला आणू का? आई पण येते म्हणते.

सुतारपक्षी

बापू, जरूर आणा, पण दसऱ्यानंतर. पावसात सरसाचं काम नको. सुटलेले तुकडे कागदात वेगवेगळे गुंडाळून आणा, डबीत एकमेकांवर घासतात. वाटेत पेटी उभी नको, आडवी ठेवा, आणि झाकणावर काही ठेवू नका.

पैठणीताई, चिठ्ठी लाकडाला चिकटवू नका, सेलोटेप तर मुळीच नको, डाग कायमचा राहतो. चांगल्या जाड कागदावर पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्यात पसरते. सुती दोऱ्याने आतल्या चौकटीला सैल बांधा. आणि अक्षरांचा फोटो तिरक्या उजेडात पुन्हा एकदा काढा, टॉर्च बाजूने धरून. पेन्सिल पुसट होत जाते.